हसूदादांची माळ

माणसाचं जठर रिकामं असताना साधारण मुठीएवढं असतं, असं मी आठवीच्या वर्गाला अठ्ठावीस वर्षं शिकवलं. त्यातली एकोणीस वर्षं मी हसुराम म्हात्रे यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. तो धडा आला की मला खालच्या ओटीवर जेवायला बसलेले हसूदादा आठवायचे, आणि मी पोरांना सांगायचो, "साधारण मुठीएवढं. अपवाद असतात."

मी मूळचा तळा गावचा. अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटात, या गावच्या हायस्कूलला विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा खोली दाखवायला हेच दादा आले होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको सामान लावत होतो, तर ते दारात उभे. हातात कल्ल्यात बोट घालून धरलेला हातभर जिताडा.

"सर, यो आपल्या तल्यातला. भाडेकरू पहिल्याच दिवशी उपाशी झोपला तं घराला लागतो."

खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवतात. तो विकण्यापेक्षा देण्याचा मासा. ज्याला द्यायचा तो माणूस मोठा, आणि देणारा त्याहून मोठा. माझ्या बायकोने एवढा मासा कधी कापला नव्हता. दादांनी स्वतः कापून दिला, कालवणाला चिंच किती घालायची ते सांगितलं, आणि "आता एवढा केलाय तं चव बघूनच जातो" म्हणून पाटावर बसले. आठ तुकड्यांतले पाच त्यांनी चव बघण्यात संपवले. जाताना बायकोला म्हणाले, "वहिनी, हाताला चव हाय तुमच्या." चव त्यांच्याच मसाल्याची होती, पण बायको त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांच्या बाजूची झाली ती झालीच.

त्यांच्या आजोबांची मिठागरं होती. खाडीचा बांध फुटून ती गेली, तेव्हा दादांनी ट्रक घेतला, मग आणखी तीन. उंची बेताची, वजन एकशे बेचाळीस. प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसत नसत. "दोन मोडल्या, तिसरीचा शाप नको," म्हणायचे, आणि लग्नाला जाताना स्वतःची लोखंडी खुर्ची टेम्पोत टाकून न्यायचे. नवरदेव उशिरा आला तरी चालायचं, पण ती खुर्ची मांडवात दिसली की यजमानाचा जीव भांड्यात पडायचा.

त्याला कारण होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीत मटणाचा टोप मोठा. टोप उतरवायच्या आधी हसूदादांना बोलावणं जायचं. आचारी डावभर रस्सा आणि एक तुकडा वाटीत घालून त्यांच्या हातात द्यायचा. दादा डोळे मिटायचे. चुलाणाभोवतीची पंधरा-वीस माणसं गप्प. मग ते म्हणायचे, "लागलाय." की पंगत बसली. कधी म्हणायचे, "अजून चिमूट." आणि ती चिमूट स्वतःच्या हाताने टाकायचे. मिठागरवाल्याचा नातू, तेव्हा मिठावर त्याचा शब्द शेवटचा, असं गावाने ठरवून टाकलं होतं. आमदारालाही वाट बघावी लागलेली मी पाहिली आहे.

"खाल्लेला अंगाला लागतो सर, न खाल्लेला मनाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा म्हटलं, "दादा, तुमच्या मनाला मग काही लागलेलं दिसत नाही." ते पोट धरून हसले. माझी बायको माझ्यावर चिडली.

पण शरीराला सुभाषितं कळत नाहीत. साखर वाढली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. त्यांच्या बायको वत्सलावहिनी त्यांच्या छातीवर हात ठेवून जागायच्या. पनवेलला दिलेल्या लेकीने शेवटी त्यांना मुंबईच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, वजन उतरलं नाही तर एक दिवस हा माणूस झोपेतून उठणार नाही, आणि आता पथ्याने उतरायचे दिवस गेले, ऑपरेशनच हवं.

दुसऱ्या दिवशी ते वर आले, खाटेवर बसले. "सर, पोरांना पोट शिकवता ना तुमी? मना शिकवा."

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जठर काढलं. मधून रेघ मारली. एवढा भाग काढून टाकतात, म्हटलं, उरतं ते केळ्याएवढं.

"वेलची केला का राजेली?"

"वेलचीच्या जवळ जाणारं. लहानच."

त्यांनी चित्रातल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ऑपरेशन करतो. मरायचा न्हाय मना. पन गावात कलता कामा नये. गुडघ्याचा सांगू."

"का? लोक हसतील म्हणून?"

"हसू देत. लोक हसतात त्याचा काय न्हाय. पन हसूचा पोट कापलाय म्हनल्यावर मना जेवाला कोन बोलवंल सर? आजारी मानसाला बघाला येतात. जेवाला न्हाय बोलवत."

मी ते कॅलेंडर चित्र आत करून गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

ऑपरेशन झालं. गुडघ्याच्या नावावर दीड महिना लेकीकडे काढून दादा घरी आले ते तेवीस किलो कमी होऊन. सगळं चमच्याने चाललं होतं. एक वाटी पेज पाऊण तास. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. आहार सांगणाऱ्या बाईंनी एकच मंत्र दिला होता: आधी प्रथिनं, मग बाकीचं. अंडं, मासा, कोंबडी, मऊ करून, बोटाच्या पेराएवढा घास, तीस वेळा चावून. खारेपाटच्या माणसाला याहून सोपं पथ्य कोणी सांगितलं नसेल. घरामागे तळं, तळ्यात जिताडे. मी निर्धास्त झालो होतो.

आणि आठव्या दिवशी पुतण्याची हळद आली.

त्या मांडवात मी होतो. लोखंडी खुर्ची मांडलेली. दादा तिच्यात एका बाजूला बसल्यासारखे दिसत होते. बोलावणं आलं. टोपाभोवती माणसं जमली. आचाऱ्याने वाटी पुढे केली, तेलाचा तवंग, लाल रस्सा, हाडाचा तुकडा. त्यांच्या पोटाला तो महिनाभर तरी चालणार नव्हता. दादांचा हात वर आला आणि वाटीपासून वीतभर लांब थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाचा मास्तर, त्या टोपाभोवती सगळं माहीत असलेला एकटा माणूस. एक वाक्य बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मी चपलेकडे पाहिलं.

बायकांच्या घोळक्यातून वत्सलावहिनी पुढे आल्या. "नका देऊ त्यांना," त्या म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. त्या घाबरल्या, आणि घाबरलेल्या बाईला जे सगळ्यात पवित्र सुचलं ते तोंडून गेलं. "त्यांनी माल घेतलीय."

आमच्याकडे मटण-मासा सोडायला एकच कारण चालतं, ते म्हणजे तुळशीची माळ. डॉक्टरने सांगितलं म्हणालात तर लोक म्हणतात, एका तुकड्याने काय होतंय. माळ म्हणालात की कोणी आग्रह करत नाही. आचाऱ्याने वाटी मागे घेतली आणि तीच हातातली वाटी कपाळाला लावली. कोणीतरी म्हणालं, "हसूदादा माळकरी? देव हाय रे बाबा."

तरी ते तिथे मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दामूबुवा ओटीवर हजर. बुवा म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे मुख्य, काडीसारखे, तरुणपणी दारूत बुडालेले आणि माळेने वर आलेले. डोळ्यांत पाणी होतं. "हसू, माल घेतली म्हनतात, गल्यात न्हाय दिसत. कोनाकडून घेतली?"

दादांचा हात मोकळ्या गळ्याकडे गेला. वहिनी दाराआड सरकल्या.

"न्हाय घेतली अजून? मनात आनलंस, तेच मोठा. बस पाटावर." बुवांनी सोबत आणलेली माळ काढली. मी जिन्यात उभा होतो. दादांनी मान पुढे केली. ते घाबरट नव्हते. ट्रक अडवणाऱ्या चौघांना त्यांनी एकट्याने पळवलेलं आहे. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला "नको" म्हणणं त्यांना जमलं नाही. एखाद्याने वाढलेलं नको म्हणायची त्यांना आयुष्यात सवयच नव्हती.

इथून पुढे मी त्यांना बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते घर बंद होत गेलं. माळकऱ्याच्या घरात मासा कसा शिजेल? वहिनींनी अपराधाच्या भावनेने तवे-पातेली घासून काढली, मसाल्याची बरणी जावेकडे दिली. मासा तळला तर वास चार घरं जातो, अंड्याची टरफलं उकिरड्यावर दिसतात, त्यामुळे चोरूनही सोय नव्हती. दूध दादांच्या नव्या पोटाला सोसेना. पनीर छातीत अडकायचं. डब्यातली पावडर घशाखाली उतरेना, उलटी व्हायची. कडधान्याने पोट फुगायचं. मग उरलं काय, तर वरणाचं पाणी आणि भात. मूठमूठ केस गळायला लागले. उभं राहिलं की अंधारी यायची. गाव म्हणालं, "माळेचं तेज आलंय तोंडावर." मी ते ऐकून दात खायचो. तो ॲनिमिया होता.

"काढून टाका," मी म्हटलं. "बुवांना सांगा खरं."

"सांगतो," ते म्हणायचे. आणि मग दत्तू आला. दत्तू त्यांच्याच ट्रकवरचा ड्रायव्हर, बाटलीशिवाय स्टिअरिंगला हात न लावणारा. तो ओटीवर येऊन म्हणाला, "दादा मटन सोडू शकतात तं मी काय?" आणि त्याने माळ घेतली. त्याच्या मागून आणखी काही जणांनी. दत्तूची बायको येऊन दादांच्या पायावर डोकं ठेवून इतकी रडली, की ते त्या दिवशी जेवलेच नाहीत. तसंही त्यांचं जेवण ते केवढं.

तपासणीला गेले तेव्हा आहारवाल्या बाईंनी रिपोर्ट बघून फैलावर घेतलं. काहीतरी बिनसलंय असा लेकीला संशय आला होता. तिला वाटलं, बाबांना बदल हवा. तिने आम्हा चौघांची थायलंडची सहल ठरवून टाकली, आठ दिवसांची. दादांनी ते ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. ते वर आले, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सर, तिथं मना कोन वलखतो? आठ दिवस मानसावानी जेवीन." आहारवाल्या बाईंनी प्रवासासाठी एक इंग्रजी कार्ड दिलं होतं, वर प्लास्टिक चढवलेलं: माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं आहे, कृपया थोडं वाढा. ते त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात पासपोर्टला चिकटून ठेवलं.

विमानतळावर पोचलो. सहलीच्या टोप्या घातलेली आमच्या भागातली अडतीस माणसं, आणि त्यांत, मुलाचा हात धरून, दामूबुवा.

"हसू!" बुवा ओरडले. "मना मेल्याला वाटला, परदेशात सोबत कोन! आपला जेवान एकत्र."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मराठी माणूस परदेशी जातो तो कांदेपोहे खायला. आमच्या सहलीसोबत स्वयंपाकी होता. सकाळी पोहे, दुपारी बटाट्याची भाजी-पुरी, संध्याकाळी पिठलं-भात. बेटावर होतो, खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि आम्ही शेंगदाण्याची चटणी वाढून घेत होतो. माळकऱ्यांचं टेबल वेगळं. त्याच्या टोकाला बुवा आणि त्यांच्या उजव्या हाताला हसूदादा. हॉटेलच्या न्याहारीत एक उंच टोपीवाला ऑम्लेट करून द्यायचा, समोरासमोर, पिवळं, मऊ, लुसलुशीत. पथ्याच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलेलं अन्न ते. दादा पोह्यांचा एकेक दाणा चावत त्या टोपीवाल्याकडे बघत बसायचे. खिशातलं कार्ड बाहेर काढता येत नव्हतं, कारण बुवांच्या मुलाला इंग्रजी येत होतं. सात समुद्र ओलांडून आम्ही आमचं गाव टेबलासकट उचलून आणलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस म्हणून श्रीखंड झालं. बुवांनी स्वतःच्या हाताने दादांच्या वाटीत घातलं. "एवढा तं घे. माझी शपत." दादांनी चार चमचे घेतले. जेवण होताच हॉटेलच्या हॉलमध्ये भजनाला बसलो, आणि अभंग रंगात येतो न येतो तोच दादांना दरदरून घाम फुटला. अंग थरथरायला लागलं. डोळ्यांतून पाणी, मुठी आवळलेल्या. तसल्या पोटाला एकदम साखर झेपत नाही, छाती धडधडते, माणूस गळून जातो. मला ते माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. बाकीच्यांना वाटलं, भाव दाटून आला. बुवांनी टाळ थांबवले. "पघा," ते म्हणाले, "यालाच म्हनतात लागना." पेणच्या एक आजी उठल्या आणि दादांच्या पाया पडल्या. दादांनी मान हलवून नाही-नाही केलं, तर लोकांना तीही नम्रता वाटली.

मला तिथे संताप आला, आणि खरं सांगतो, निम्मा माझ्यावरच आला.

दुसऱ्या दिवशी दुपार खरेदीसाठी मोकळी होती. बायका बाजारात गेल्या, बुवा झोपले. दादांनी माझं मनगट पकडलं. बोटांत जोर नव्हता. "सर, मना मासा पायजे. आज न्हाय भेटला तं मी घरी पोचत न्हाय."

आम्ही गल्ल्या ओलांडत खाडीच्या कडेला गेलो. चार टेबलांची खाणावळ, पत्र्याचं छप्पर, दाराशी काचेची टाकी. दादा टाकीपाशी वाकले आणि तसेच राहिले.

"सर," ते म्हणाले, "यो तं जितारा!"

खरंच जिताडा होता. तेच चपटं तोंड, तोच पाठीचा उंचवटा, तीच रुपेरी कड. त्यांनी काचेला हात लावला. मालकीण आमच्याच वयाची, कमरेला फडकं बांधलेली. दादांनी खिशातून कार्ड काढून तिला दिलं. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, हसली आणि आदराने परत दिलं. ते कार्ड त्या प्रवासात एवढंच वापरलं गेलं.

मासा आला तो उकडलेला, अख्खा, वर लिंबाचा रस, लसूण, हिरवी मिरची. मिरची मी बाजूला काढली. दादांनी शर्टाचं बटण उघडलं आणि माळ डोक्यावरून काढली. आता ती ठेवायची कुठे? टेबलावर मासा. खिशात पाकीट, चामड्याचं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती माझ्यापुढे केली. "धरा. उजव्या हातात धरा." मग मला जेवता येणार नव्हतं. मी माळ मुठीत घेऊन बसलो.

त्यांनी पेराएवढा तुकडा काढला. तोंडात घातला. डोळे मिटले. मी मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं. गिळल्यावर ते थोडा वेळ थांबले, आत काय होतं त्याची वाट बघत. काही झालं नाही. तुकडा राहिला. मग दुसरा. पाऊण तासात त्यांनी सात घास खाल्ले. एकेकाळी हा माणूस चव बघण्यात पाच तुकडे संपवायचा. पण एवढं समाधानाने जेवलेलं मी त्यांना तेव्हाही पाहिलं नव्हतं. गालांवर पाणी होतं आणि ते पुसतही नव्हते.

"भरला," ते म्हणाले.

मासा जवळजवळ सगळा उरला होता. पानात टाकणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मालकिणीला हाक मारली, खुर्ची ओढली, खुणेने बसवलं आणि मधला चांगला तुकडा तिच्या ताटलीत घातला. ती लाजली, मग बसली. दादा तिला आग्रह करत होते आगरी बोलीत, ती हसून काहीतरी म्हणत होती तिच्या भाषेत, आणि मासा संपला. मी मुठीत माळ धरून उपाशी.

निघताना मी मूठ उघडली. दादांनी माळेकडे पाहिलं. "आता न्हाय घालीत. एकदा चुकून खोटा घडला. आता जानून घालायचा? बुवांना परत देतो."

मला इतका आनंद झाला, की मी रस्त्यात त्यांची पाठ थोपटली.

बुवा हॉटेलच्या खोलीत चहा घेत बसले होते. दादांनी सगळं सांगितलं. पोट, केळं, हळद, वहिनी, श्रीखंड, आजचा मासा. काही लपवलं नाही. माळ बुवांच्या पलंगावर ठेवली. बुवांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"माजी चूक झाली हसू," ते म्हणाले. "न इचारता घातली. पोट तुझा हाय, तू खा. मी काय ऐकला न्हाय." मग त्यांनी माळ उचलली. "पन दत्तूची माल तुझ्या मालेला बांधलेली हाय. त्या पोरांची पन. मी बारा वरसं प्यालेला मानूस हाय, मना ठाव हाय ते कशावर उभे हायेत. तुझी निघाली, का सांजच्याला ते गुत्त्यावर. मंग दत्तूच्या बायकोला तू काय सांगशील? जितारा चांगला होता?"

"बुवा, हा अन्याय आहे," मी म्हटलं. "यांची तब्येत..."

"व्हय सर," बुवा म्हणाले. "हाय."

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हळदीच्या मांडवात पाहिलं होतं, आता नाही. त्यांनी मान पुढे केली.

बुवा बरोबर होते की चूक, यावर मी आजवर बायकोशी शेकडो वेळा भांडलो आहे. ती म्हणते, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. मी म्हणतो, खरं बोलल्यावरही ज्यातून सुटता येत नाही, त्यात माणसाला पुन्हा लोटायचं नसतं. दत्तूने आजतागायत बाटलीला हात लावलेला नाही, हेही मला कबूल करावं लागतं.

गावी आल्यावर सोय माझ्या बायकोने काढली. रोज अकरा वाजता दादा वर्तमानपत्र वाचायला म्हणून वर यायचे. ती दोन अंडी उकडून ठेवायची. उकडलेल्या अंड्याला वास नसतो आणि मास्तरच्या घरातल्या टरफलांची चौकशी कोणी करत नाही. शाळेला सुट्टी असली की मीही समोर बसायचो. दादा दार लावायचे, माळ काढून खुंटीला अडकवायचे, पाऊण तास अंडं खायचे, तोंड धुवायचे, माळ घालायचे, खाली जायचे. अंधारी थांबली. केस परत आले. खाली ओटीवर तोवर कोणी ना कोणी पाया पडायला बसलेलं असायचं. हळदीचं बोलावणं अजून येई, पण आता त्यांना चुलाणापासून लांब, माळकऱ्यांच्या पंगतीत, पहिल्या पाटावर बसवत. दुसऱ्या पाटावरचा माणूसही त्यांच्याशी जपून बोले.

अशी तीन वर्षं गेली आणि मी निवृत्त झालो. तळ्याला, माझ्या गावी, परतायचं ठरलं. ते सांगितलं त्या दिवशी दादांनी अर्धं अंडं बशीत ठेवलं आणि म्हणाले, "जावाच पायजे. आपला गाव तो आपला गाव." नवा भाडेकरू बघू का, मी विचारलं. ते म्हणाले, "कसा आनू सर? कोनाला काय सांगू?"

निघायच्या सकाळी बायको रॉकेलचा जुना स्टोव्ह आणि एक लहान पातेलं ओट्याखाली विसरली. मी आठवण करून दिली तर तिने माझ्यावर डोळे वटारले. खाली गाव जमलं होतं. बुवांनी नारळ दिला. दत्तूने सामान चढवलं. टेम्पोही तोच चालवणार होता. हसूदादा मला मिठी मारायला आले तेव्हा माझे हात त्यांच्या पाठीवर सहज एकमेकांना मिळाले. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं, आणि मला तिथेच रडू कोसळलं. ते रडले नाहीत. त्यांच्याभोवती माणसं होती.

टेम्पो निघाला, वळणावर एका गाडीला वाट द्यायला थांबला. तिथून घर दिसतं. मी मागे पाहिलं. दादा अंगणातल्या लोकांना हात जोडून, एकटेच जिना चढत होते. अकरा वाजत आले होते. शर्टाच्या खिशावर एक हात त्यांनी जपून धरला होता, काही फुटू नये म्हणून. थोड्या वेळाने ते आमच्या रिकाम्या खोलीच्या खिडकीत दिसले. त्यांनी खाली अंगणात पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मला पाहिलं की नाही कोण जाणे, आणि खिडकी आतून लावून घेतली.